नाणं की कान

बातमी आली तेव्हा मी लिफ्टच्या टपावर उभा होतो. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, लिफ्ट ओढणाऱ्या तारेच्या रोपला तेल देत. शाफ्टमध्ये उतरताना फोन खिशात ठेवायचा नाही असा आमचा नियम आहे. निसटला तर थेट तळाच्या खड्ड्यात जातो. म्हणून माझा फोन बाहेर जोडीदाराकडे होता. या जोडीदाराला सगळे दाढी म्हणतात. एरवी तो वरून ओरडतो. त्या दिवशी त्याने पाचव्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं, गुडघ्यांवर बसला आणि हळू म्हणाला, "भाऊ, वर या."

"आलोच. संपत आलंय."

"राहू दे ते. वर या. तुमच्या मेहुणीचा फोन आहे."

मी वर आलो. हात पुसायला त्याने खिशातला रुमाल काढून दिला. काळ्या तेलाचे हात पुसायला कोणी स्वतःचा रुमाल देत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आत एक छोटी अंधारी खोली, एक खुर्ची, समोर अक्षरांचा उजेडाचा तक्ता. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची आणि एकेक काच बदलत विचारायची, "आधीचं बरं की आताचं?" दिवसभर हेच. त्या दिवशी खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ होते. तिने विचारलं, "आधीचं बरं की," आणि पुढे काही बोलली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसत गेली. आवाजसुद्धा झाला नाही. त्या गृहस्थांना फ्रेममधून अंधुक दिसत होतं. त्यांना वाटलं, काच शोधते आहे. ते तक्त्याकडे बघत तसेच बसून राहिले. डोक्यातली शीर फुटली होती. डॉक्टर म्हणाले, कोणी लगेच आत गेलं असतं तरी काही होण्यासारखं नव्हतं. हे ते सगळ्यांनाच सांगतात की खरंच तसं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा मागच्या खोलीत ते वाजत होतं. सकाळी कामावर जाताना तिने चालू ठेवलं होतं.

मोठी मेहुणी माझ्याबरोबर होती. तिने दारातच चपला काढल्या आणि कान दिला. "भाऊजी, हे काय वाजतंय?"

"तिचं यंत्र आहे."

"कुठून बंद होतं?"

"असू दे ताई."

"अहो, माणसं येतील आता भेटायला."

"येऊ देत. तिने चालू ठेवलंय ते."

ताईने माझ्याकडे बघितलं आणि त्या खोलीचं दार नुसतं ओढून घेतलं. माणसं आली, बसली, गेली. दाराआडून सूर येत राहिले. काहींना वाटलं शेजारी कोणी शिकतंय.

हे यंत्र घरात कसं आलं ते सांगायला हवं. त्यासाठी हेडफोन या माणसापासून सुरुवात करावी लागेल. हे नाव बायकोने ठेवलेलं. त्याच्या गळ्यात कायम हेडफोन असतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माडी आहे, तिथे त्याचं दुकान. तो तिच्याकडे डोळे तपासायला आला होता. म्हणाला, लांबचं दिसतं, वाचताना दिसतं, पण मला कामाचं दिसत नाही. काम काय, तर म्हणे बारीक नॉबखालची बारीक अक्षरं वाचायची, तीही हातभर अंतरावरून. बायको असल्या गोष्टी अंदाजाने करत नसे. ती टेप घेऊन त्याच्या दुकानात गेली आणि त्याचं नाक आणि त्याचं काम यांतलं अंतर मोजून आली. आली ती जेवणाच्या वेळेनंतर, आणि आल्या आल्या बोलायला लागली.

"अहो, तिकडे एक यंत्र आहे. आपण काही वाजवायचं नाही. ते आपलं आपण वाजवतं. आणि पुढे काय वाजवणार ते त्याचं त्यालाही माहीत नसतं."

"मग ते बिघडलंय."

"बिघडलेलं नाही. असंच बनवलंय."

"आमच्याकडे असं यंत्र निघालं की आम्ही पाटी लावतो, वापरू नये."

"तुमची लिफ्ट काय, बटण दाबलं की मुकाट्याने येते. मला घरात आणखी एक तसं नको."

हे सगळं असं चालायचं. तिला बोलायला आवडे आणि मला तिचं ऐकायला. मी मात्र बोलून दाखवत नसे.

ते यंत्र एक वस्तू म्हणून विकत मिळत नाही. त्याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. एक चौकट असते. तिच्यात मॉड्यूल बसवायचे. मॉड्यूल म्हणजे धातूची उभी पट्टी, कोणती बोटभर रुंद, कोणती तळहाताएवढी, तिच्यावर नॉब आणि भोकं. प्रत्येक पट्टीला एकच काम येतं. भोकाभोकांत रंगीत केबल जोडून एकीचं काम दुसरीला द्यायचं. कोणत्या पट्ट्या घ्यायच्या हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि खरी डोकेदुखी तीच आहे. जग भरून पट्ट्या मिळतात. चौकट मात्र तेवढीच असते.

चौकट मी केली. एका जुन्या लिफ्टच्या आतली लाकडी फळी निघाली होती, तिची. दोन ओळी, अॅल्युमिनियमचे रूळ, मागे वीज द्यायची पट्टी. ती म्हणाली, "चौकट तुमची, तर निवडायचंही दोघांनी. एक डाव माझा, एक तुमचा. ज्याचा डाव त्याने आणायचं, दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर पुढच्या डावात भरपाई करायची. संसारात दुसरं काय करतो आपण?"

असे आम्ही डाव खेळत गेलो. पहिला तिचा. तिने विसरभोळा आणला. नावं सगळी तिचीच. विसरभोळा काय करतो, तर सूर मनाला येतील तसे उचलतो आणि त्यांची एक माळ धरून फिरवत राहतो. फिरवता फिरवता अधूनमधून एखादा सूर विसरतो आणि त्या जागी दुसराच घालतो. किती वेळा विसरायचं तो नॉब तिच्या हातात. मी पुढच्या डावात ठोक्या आणला, तो नुसता ठोका देतो. मला बरं वाटलं, घरात एकजण तरी वेळेवर चालणारा. मग तिने विहीर आणली, तीत आवाज टाकला की लांब जाऊन परत येतो. मग मी मास्तर आणला. विसरभोळा काहीही बेसूर बरळला तरी मास्तर त्याला जवळच्या सुरावर आणून बसवतो.

"आणलात, पोलीस आणलात," ती म्हणाली. तोंड उघडायचं नाही हा नियम तिचाच, आणि मोडायचीही तीच.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती बेभरवशाचं आणते आणि मी भरवशाचं. आम्ही ठरवून केलं नव्हतं. पण दोन्ही मिळून जे वाजायचं ते ऐकत मी आरामखुर्चीत पेपर वाचू लागलो आणि पुढे पुढे पेपर नुसता मांडीवर असे.

वरची ओळ भरली. खालची भरत आली. शेवटी उजव्या कोपऱ्यात एकाच पट्टीची जागा उरली. डाव तिचा होता.

तिची त्या यंत्राबद्दल एकच तक्रार होती. "याला गप्प बसता येत नाही," ती म्हणायची. "सुरेख बोलतं, पण थांबतच नाही. आपल्या ताईसारखं." तिला शेवटच्या जागेत असं काहीतरी हवं होतं की यंत्राला मधेच थांबायला यावं. काय, ते तिचं ठरत नव्हतं. आम्ही दोघंही घाई करत नव्हतो. जागा भरली की डाव संपणार होता.

ती गेल्यावर मी त्या यंत्राला हात लावला नाही. कामावर जायचो, यायचो, ते वाजत असायचं. ओट्यापाशी उभं राहून जेवायचो. मुलगी दुसऱ्या गावी असते, तिचा संध्याकाळी फोन यायचा.

"बाबा, ते चालू आहे?"

"चालू आहे."

"आणि तुम्ही?"

"मीही."

मला एकच धास्ती होती, वीज जाण्याची. वीज गेली की विसरभोळ्याची माळ पुसली जाते. परत वीज आली की तो नवीन सूर उचलतो, जुने काही परत मिळत नाहीत. त्या सकाळी तिने जे सूर लावून ठेवले होते ते त्या पट्टीत फिरत होते, असं माझ्या डोक्यात. लिफ्टमध्ये वीज गेली तर डबा जवळच्या मजल्यापर्यंत न्यायला बॅटरी असते. एक जुनी काढलेली पण धड असलेली गोदामात पडून होती. दाढीला सांगून ती घरी आणली आणि यंत्राला जोडली. दाढीने विचारलं, "घरी लिफ्ट बसवताय का भाऊ?" मी म्हटलं, "हो, एक माणूस अडकलंय." तो हसायला गेला आणि हसला नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला दुःख फार झालं असं म्हणता येणार नाही. दमायला व्हायचं. बूट काढायला खाली वाकलो की तसाच वाकून राहावंसं वाटायचं. एकदा एका इमारतीत लिफ्ट तपासायला गेलो आणि आत जाऊन मजल्याचं बटणच दाबलं नाही. दार मिटलं, मी उभा. बाहेरून कोणीतरी बटण दाबून लिफ्ट बोलावली तेव्हा ती हलली.

मग हेडफोनचा फोन आला. त्याला काही कळलेलं नव्हतं.

"दादा, वहिनींचा फोन लागत नाही. त्या शनिवारी येते म्हणाल्या होत्या, बरेच शनिवार झाले. म्हटलं रागावल्या की काय."

हे फोनवर सांगवेना. मी म्हटलं, येतो. कामावरून सुटलो आणि त्याच्या माडीवर गेलो. तो डोळ्यांवर तिनेच जुळवलेला चष्मा लावून काहीतरी जोडत बसला होता. मी सांगितलं. त्याने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्याची मान त्यांच्याशिवाय मी कधी बघितली नव्हती. बारीक मान आहे.

मग तो म्हणाला, "चहा घेणार?"

"नको."

"मीही नाही घेत. विचारायचं म्हणून विचारलं."

"चालेल. ती शनिवारी कशाला येणार होती?"

त्याने मागच्या फळीवरून दोन पट्ट्या काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. दोन्ही सारख्याच रुंद. "या दोनांत त्यांचं ठरत नव्हतं. खूप वेळ बसल्या होत्या. हे लाव, ते लाव. मला म्हणाल्या, आता तू विचार मला, आधीचं बरं की आताचं. मी विचारलं. म्हणाल्या, दोन्हींत दिसतंय रे, हीच पंचाईत आहे. शनिवारी सांगते."

पहिली पट्टी नाणं उडवते. म्हणजे खरं नाणं नाही, पण काम तेच. विसरभोळ्याकडून सूर आला की ही मनातल्या मनात नाणं उडवते. छापा पडला तर सूर पुढे जातो. काटा पडला तर तिथेच राहतो. काटा सलग पडत गेला की यंत्र गप्प. किती वेळ, ते कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या पट्टीवर एक छोटा माइक होता. ती खोलीतलं ऐकते. खोलीत कोणी बोलत असलं की यंत्राला थांबवते. बोलणं थांबलं की यंत्र परत सुरू होतं.

"वहिनी याला कान म्हणाल्या," हेडफोन म्हणाला. "आणि त्याला नाणं."

"तुला काय वाटतं? कोणती घेतली असती?"

"दादा, मी दुकानदार आहे. मला विचाराल तर दोन्ही."

मग मी त्याला बॅटरीचं सांगितलं. यंत्र त्या दिवसापासून बंद केलेलं नाही, तिचे सूर आत आहेत, पट्टी बसवायची तर वीज बंद करावी लागेल, असं सगळं. तो ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "विसरभोळ्याचा नॉब कुठे ठेवलाय त्यांनी?"

"मधल्या खुणेच्या किंचित खाली."

तो चष्मा काढून पुसत बसला. "दादा, राग मानू नका. त्या खुणेवर तो दर थोड्या वेळाने एक सूर टाकतो आणि नवीन घेतो. इतके दिवस चाललंय. त्या सकाळचा एकही सूर आता त्यात नसणार. पहिल्या दिवशी रात्रीपर्यंतच सगळे बदलले असतील."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. विसरभोळा हे नाव माझ्यासमोरच ठेवलं होतं. पण मी ते तसं जोडून बघितलं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यातून येऊन मी ताईला म्हटलं होतं, तिने चालू ठेवलंय ते. तेव्हासुद्धा त्यातला एखादाच सूर तिचा उरला असेल.

"नॉब मात्र त्यांनी लावलेला आहे," हेडफोन म्हणाला. "आणि केबलही."

"हो. ते आहे."

त्याने दोन्ही पट्ट्या खोक्यात घालून दिल्या. "घरी लावून बघा. नको असेल ती परत आणा. घाई नाही."

मी खोकं घेऊन घरी आलो आणि ते टेबलावर ठेवून दिलं. मुलगी सुट्टीला आली तोवर ते तिथेच होतं. आल्यावर तिने घर झाडलं, फ्रिजमधलं सगळं टाकलं आणि मग खोक्याकडे वळली. तिला डाव माहीत होते. लहानपणापासून आमची भांडणं तिने ऐकलेली.

"मग? आईने कुठलं घेतलं असतं?"

"ते मला कळलं असतं तर तिच्याशी इतकी वर्षं भांडलो कशाला असतो?"

"बाबा, सरळ उत्तर द्या."

मला जे वाटत होतं ते मी तिला सांगितलं. मला वाटत होतं, तिच्या आईने कान घेतला असता. घरात आम्ही दोघं बोलायला लागलो की यंत्र थांबेल, आमचं बोलणं संपलं की पुढे चालू होईल. तिला हे आवडलं असतं. यंत्राने तिला बोलू दिलं असतं. पण ते दोन माणसांच्या घराला. आता या घरात कोण बोलतं? कान बसवला तर यंत्र कधीच थांबणार नाही. आज मला घ्यायचं तर नाणं बरं. ते आपलं आपण थांबतं, त्याला कोणी लागत नाही.

मुलीने कानाची पट्टी उचलून उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "पण डाव तुमचा नाही ना."

"नाही. तोच घोळ आहे."

"मग आईचं बसवा. कान. तिने काय घेतलं असतं ते घ्यायचं. तुम्हाला काय बरं पडतं ते नाही."

"मला नक्की ठाऊक नाही गं तिने काय घेतलं असतं."

"तिलाही नव्हतं ठाऊक. हेडफोनकाका म्हणाले, असं तुम्हीच सांगितलंत ना."

तिची आईच बोलत होती. मी उठलो.

यंत्र बंद केलं. विहिरीत गेलेला शेवटचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही गेला. घरात फ्रिज वाजत होता हे मला तेव्हा कळलं. मुलीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली.

मी चौकट पुढे ओढली आणि कान हातात घेतला. आमच्यात हे कामही वाटलेलं होतं. स्क्रू मी लावायचे, मागची वायर बायकोने. प्रत्येक पट्टीच्या मागे एक चपटी राखाडी वायर असते, तिच्या एका कडेला लाल रेघ. ती वीज देणाऱ्या पट्टीत खोचायची. मी सबंध आयुष्य वायरीत काढलं. आमच्या कामात लाल म्हणजे जिवंत, लाल म्हणजे अधिक. या धंद्यात उलटं आहे. लाल रेघ उणे बाजूला जाते. आमच्या चौकटीत उणे बाजू खाली होती. ती प्रत्येक वेळी वायर हातात घेऊन मोठ्याने म्हणायची, "लाल खाली." मी म्हणायचो, "हो, माहीत आहे." ती म्हणायची, "तुम्हाला माहीत आहे, तुमच्या हातांना नाही."

माझ्या हातांनी लाल वर लावली. मी बघितलंसुद्धा नाही. स्क्रू घट्ट केले, पट्टी सरळ बसली आहे ना ते डोळ्याने तपासलं आणि बटण चालू केलं.

आधी वास आला. मग कानाच्या पट्टीमागून बारीक धूर. मी बटण बंद केलं, पण झालं ते झालं होतं.

मुलगी पळत बाहेर आली. तिने चौकटीच्या मागे वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, लाल खाली."

"हो," मी म्हटलं. "माहीत आहे."

ती जमिनीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्याशेजारी बसलो. आत चहा उतू गेला. त्याचाही वास आला. दोन्ही वास मिळून काहीतरी भलतंच झालं, आणि आम्ही खिडकी उघडायला उठलो.

दुसऱ्या दिवशी मी नाणं बसवलं. मुलगी वायर धरून उभी होती, लाल खाली म्हणून मोठ्याने सांगत. यंत्र चालू झालं. विसरभोळ्याने नवीन सूर उचलले. चांगले होते. थोडं वाजलं आणि थांबलं. परत दोन सूर आले, परत थांबलं. मग बराच वेळ काही नाही. मुलगी म्हणाली, "काम करतंय. आई म्हणायची तसंच." खरंच तसंच होतं. पण प्रत्येक वेळी ते थांबलं की माझी मान दाराकडे वळायची. यंत्र थांबलं की कोणीतरी बोलणार, असं माझ्या मानेला वाटत होतं. मुलीने तीन-चारदा ते बघितलं. तिने बटण बंद केलं, आणि मी स्क्रू काढले.

नाण्याचं काही चुकलं नव्हतं. मला ते सहन होईना, एवढंच.

जळलेला कान मी हेडफोनकडे नेला. त्याने मागची बाजू बघितली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "दादा, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"वायरमनच जास्त जाळतात. बाकीचे लोक घाबरून दोनदा बघतात." त्याने हवेत हात हलवला. "एका घरगुती कारागिराने बनवलाय हा. उलटं लावलं तर वाचवणारी सोय त्याने ठेवलेली नाही. आतल्या दोन चिप बदलाव्या लागतील. करून देतो."

त्याने करून दिला. वेळ लागला, पण केला. मागे लाल रेघेच्या बाजूला त्याने पांढऱ्या रंगाने खालच्या दिशेचा बाण काढून दिला. मी नाणं परत करायला नेलं होतं, तर तो म्हणाला, "राहू दे घरी. वहिनींचं ठरलं नव्हतं ना अजून."

आता यंत्र चालू असतं. बॅटरी मी काढून गोदामात परत नेली. वीज गेली तर जाऊ दे, सूर तसेही बदलतातच. कामावर जाताना मी ते बंद करतो, आल्यावर चालू करतो. केबल तिने लावल्या तशाच आहेत. नॉबला हात लावलेला नाही. पुसताना फडकंसुद्धा त्याच्या बाजूने नेतो. यंत्राला अजूनही गप्प बसता येत नाही. ताई मधे येऊन गेली, ती आणि यंत्र दोघंही एकदम बोलत होती. मला कोणाचंच धड कळलं नाही.

मुलगी फोनवर विचारते, "बसवला का कान?"

"अजून नाही."

"का? दुरुस्त झालाय ना?"

"झालाय."

"मग?"

मग काय, ते मी तिला सांगत नाही. तो बसवला तर तपासून बघावा लागेल. आणि तपासायचा तर त्या खोलीत उभं राहून कोणीतरी बोलायला हवं. काय बोलायचं ते मला सुचत नाही. लिफ्टशी मी बोलतो, ते वेगळं.

"तू आलीस की बघू," मी म्हणतो.

"तुम्हीच बसवा बाबा. लाल खाली."

"हो, माहीत आहे."

खालच्या ओळीतली उजवीकडची जागा उघडी आहे. तिथून मागच्या वायरी दिसतात. नाणं आणि कान दोन्ही टेबलावर आहेत. डाव तिचाच आहे. कान बसवायचा राहिला आहे.